उभी इथं, लक्ष गावभर

डबिंगच्या स्टुडिओत तिला सगळे 'ओठवाली' म्हणायचे. तोंडावर मॅडम, पण मॅडम जिना चढताना दिसल्या की आतली मंडळी एकमेकांना खुणावायची, ओठवाली आली, आता जेवणाची सुट्टी विसरा. तिला हे चांगलं ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. इंग्रजी सिनेमातला माणूस पडद्यावर बोलायला लागला की बाकीचे लोक त्याचे डोळे बघतात, कोट बघतात, मागची मोटार बघतात. ही फक्त ओठ बघायची. ओठ कधी मिटले, कधी उघडले, कधी गोल झाले, दात कधी दिसले. मग त्याच ओठांत आपल्या भाषेतलं असं वाक्य बसवायचं, की बघणाऱ्याला वाटावं हा गडी जन्मल्यापासून हेच बोलतोय. हे जमलं की तिला जो आनंद व्हायचा तो लपवता यायचा नाही. ती खुर्चीतून उठून चक्क एक गिरकी घ्यायची, आणि मग कुणी पाहिलं का म्हणून मागं बघायची.

ओठ वाचायची विद्या तिला आईकडून मिळालेली. आई कापड गिरणीत मागांवर होती. तिथं यंत्रांचा असा खडखडाट, की शेजारच्या बाईनं कानात ओरडलं तरी ऐकू यायचं नाही. त्यामुळं बायका आवाज न काढता नुसत्या ओठांनी बोलायच्या. भांडणं, चहाड्या, पोरांची दुखणीखुपणी, सगळा कारभार ओठांवर. ही सवय आईबरोबर घरीही आली. मायलेकी जेवताना ओठ हलवून गप्पा मारायच्या आणि बापाला वाटायचं, आज घर कसं शांत आहे. तेव्हापासून तिला एक खोड लागली. जे ऐकलं ते ओठांनी पुन्हा बोलून बघायचं, अगदी हळू, आवाज न करता. ही खोड पुढं तिचं पोट भरणार होती आणि एक दिवस चांगलीच अंगाशी येणार होती.

स्टुडिओत ती लागली टायपिस्ट म्हणून. संवाद लिहिणारे एक जुने गृहस्थ होते, ते सांगायचे आणि ही टाइप करायची. गृहस्थ विद्वान होते, पण त्यांचा इंग्रजी शब्दांवर आंधळा विश्वास. सिनेमातला वकील अशिलाला म्हणाला, "शूट." म्हणजे सांग बाबा, काय ते सांगून टाक. यांनी लिहिलं, "गोळी झाड." दुसऱ्या एका सिनेमात पोलिसानं चोराला धमकावलं, "यू आर टोस्ट." यांनी शांतपणे सांगितलं, "लिहा, तू भाजलेला पाव आहेस." तिचे हात टाइपरायटरवरच थांबले. हसू आवरेना. तिनं भीत भीत विचारलं, "सर, आता तुझी धडगत नाही, असं लिहिलं तर?" गृहस्थांनी चष्मा काढला, पडद्यावरच्या पोलिसाकडं पुन्हा एकदा पाहिलं, आणि मोकळेपणानं म्हणाले, "हे तूच लिही. मी चहा घेऊन येतो." तो चहा पुढं बरेच दिवस चालला. ते निवृत्त झाले तेव्हा त्यांनी आपली खुर्ची स्वतःच्या हातानं तिच्याकडं सरकवली.

इंग्रजीतल्या असल्या बोलण्यांचं तिला विलक्षण वेड लागलं. 'टेल मी अबाउट इट' म्हणजे सांग असं मुळीच नाही, आपण कपाळावर हात मारून "मला सांगतेस?" म्हणतो, ते. 'गेट आउट ऑफ हिअर' म्हटलं तरी कुणी कुणाला बाहेर घालवत नसतं. "चल, काहीतरीच काय" म्हणतो ना, ते. 'पीस ऑफ केक' म्हणजे हातचा मळ. 'बीट अराउंड द बुश' म्हणजे आढेवेढे घेणं. अर्थ काय, कुठल्याही शब्दकोशात मिळतो. पण तेवढ्यानं भागत नाही. आपला माणूस ती गोष्ट नेमकी कधी म्हणतो, कशी म्हणतो, हे शब्दकोशाला कुठं माहीत असतं? आणि माणसाला विचारायला गेलं तर तो ताठ होतो. "अमुक वेळी तुम्ही काय म्हणता हो?" असं विचारा, समोरचा लगेच भाषणाला उभा राहिल्यासारखा बोलायला लागतो. त्याला बेसावध गाठावं लागतं. आणि बेसावध गाठण्याजोगं सगळ्यात मोठं घबाड तिच्या स्वयंपाकघरातच होतं. तिच्या सासूबाई.

सासूबाईंनी सगळी नोकरी बस स्थानकाच्या तिकीट खिडकीत काढली होती. रांग मोडणारे, सुट्टे नसणारे, कुठं जायचं ते खिडकीशी येऊन ठरवणारे, असल्या लोकांवर त्यांची जीभ घासून घासून धारदार झालेली. एक वाक्य दुसऱ्यासारखं म्हणून नसायचं. लग्न होऊन आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात सुनेच्या लक्षात आलं की आपण सोन्याच्या खाणीत येऊन पडलोय. मग तिनं खोदायला सुरुवात केली.

तिची पद्धत सरळ नव्हती. एका सिनेमात गुप्तहेर म्हणायचा, "आय स्मेल अ रॅट." काहीतरी लपवाछपवी चाललीय असा त्याला वास येतोय. आपल्याकडं उंदराचा वास आला तर माणूस पिंजरा शोधतो. म्हणून तिनं संध्याकाळी नवऱ्याला गॅलरीत नेलं, दार अर्धवट लोटलं आणि त्याच्या कानाशी नुसतंच कुजबुजत राहिली. आतून सासूबाईंचा आवाज आला, "पाणी कुठंतरी मुरतंय." झालं काम. दुसऱ्या एका वेळी नवरा नाच शिकायला जातोय अशी थाप मारून तिनं 'गेट आउट ऑफ हिअर'चे चार नमुने एका दमात मिळवले. आणि एकदा तर, खोटं कशाला बोला, तिनं मुद्दाम दूध उतू जाऊ दिलं. सिनेमात टोळीचा म्होरक्या पहारेकऱ्यावर खेकसतो, की तू 'अस्लीप ॲट द व्हील' होतास, गाडी चालवता चालवता झोपलास. त्याला आपलं वाक्य हवं होतं. दूध फसफसून शेगडीवर आलं. सासूबाई धावत आल्या, गॅस बंद केला आणि म्हणाल्या, "उभी इथं आणि लक्ष गावभर." अहाहा. तिथंच तिचे ओठ हलले. उभी इथं आणि लक्ष गावभर. म्होरक्याच्या ओठांत ते अगदी चपखल बसत होतं.

नवऱ्याला हे सगळं माहीत होतं. तो लिफ्ट दुरुस्त करायचा, आणि दोन मजल्यांच्या मध्ये अडकायचं नाही हे त्याचं कामावरचंही तत्त्व होतं आणि घरातलंही.

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी, जी ओठवालीला ठाऊक नव्हती. ओठ वाचता येणारी त्या घरात ती एकटीच नव्हती. तिकीट खिडकीला जाड काच होती, काचेला वाटीएवढं भोक होतं, आणि मागं दिवसभर बसगाड्यांचे भोंगे. माणूस काय म्हणतोय ते कानांनी कळायचं नाही. सासूबाई काचेतून ओठ बघायच्या आणि गावाचं तिकीट फाडायच्या. त्यामुळं आपण रागावलो की सुनेचे ओठ हलतात, आणि त्यावर आपलंच वाक्य जसंच्या तसं असतं, हे त्यांनी पहिल्या वर्षीच वाचलं होतं. वाचलं ते बरोबर होतं, लावलेला अर्थ मात्र साफ चुकला. त्यांना वाटलं, पोरगी आपलं बोलणं मनात साठवतेय, विसरू नये म्हणून घोकतेय. जिन्यात, दुकानात, दवाखान्यात त्या अभिमानानं सांगायच्या, "आमची सून जिवाचा कान करून ऐकते हो माझं."

अशातच तो मोठा सिनेमा आला. आजवर तिच्या वाट्याला मारामाऱ्या आणि मोटारी आल्या होत्या. हा सिनेमा बाप-लेकीचा. मोठ्या पडद्यावर लागणार होता आणि डायरेक्टरनं तो मोठ्या विश्वासानं तिच्याकडं दिला होता. त्यातल्या बापाचा मालट्रकांचा धंदा. सबंध सिनेमाभर तो उभाच असतो. हातात किल्ल्या, एक पाय दाराबाहेर. मुलगी काही सांगायला आली की म्हणणार, नंतर. शेवटच्या प्रसंगात तो किल्ल्या टेबलावर ठेवतो, लेकीसमोर बसतो, कॅमेरा त्याच्या चेहऱ्याच्या अगदी जवळ जातो, आणि तो म्हणतो, "आय ॲम ऑल इयर्स." बस्स. त्यावर सिनेमा संपतो.

सगळा सिनेमा लिहून झाला होता आणि हे एवढंसं वाक्य काही केल्या हाती लागत नव्हतं. 'मी सगळा कानच आहे' म्हटलं तर प्रेक्षक खुर्चीतून पडतील. 'जिवाचा कान करून ऐकतोय' हा अर्थ अगदी बिनचूक, पण स्वतःबद्दल असं कोण म्हणतं? ते दुसऱ्यानं आपल्याबद्दल म्हणायचं असतं. राहता राहिलं 'ऐकतोय'. आणि आपल्या घरांत 'ऐकतोय, ऐकतोय' कोण म्हणतं, तर वर्तमानपत्रात डोकं खुपसून बसलेला माणूस, जो मुळीच ऐकत नसतो. डायरेक्टर म्हणाला, उद्या दुपारी रेकॉर्डिंग आहे, तोवर सापडलं तर ठीक, नाहीतर 'मी ऐकतोय' टाकून मोकळे होऊ. एवढा सिनेमा उभ्यानं काढलेला बाप अखेर बसतो, आणि वाक्य वर्तमानपत्रामागचं?

घरी येता येता तिला युक्ती सुचली आणि ती जिन्याच्या दोन दोन पायऱ्या चढत वर आली. युक्ती अशी, की तोंड पाडून सासूबाईंसमोर बसायचं, आई, एक सांगायचंय म्हणायचं, आणि त्या काय म्हणतात ते टिपायचं. वाक्य हातात आल्यासारखंच होतं.

दार उघडंच होतं. टीव्ही चालू होता. समोरच्या बिऱ्हाडातली शेजारीण आणि सासूबाई मारामारीचा सिनेमा बघत बसल्या होत्या. पडद्यावर गालावर व्रण असलेला म्होरक्या पहारेकऱ्याची गचांडी धरून म्हणत होता, "उभा इथं आणि लक्ष गावभर."

शेजारीण हसून हसून वाकली. म्हणाली, अहो, हा तर तुमचंच बोलतोय. पाठोपाठ त्यातल्या गुप्तहेराला वास आला की पाणी कुठंतरी मुरतंय. शेजारणीनं डोळे पुसले. सासूबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी मान वळवून दाराकडं पाहिलं. दारात सून उभी होती आणि तिचे ओठ पडद्याबरोबर हलत होते. शब्दन् शब्द. स्वतः बसवलेला संवाद ऐकताना ती खोड तिला कधीच आवरायची नाही. सासूबाईंनी ते ओठ वाचले, पडद्याकडं पाहिलं, पुन्हा ओठांकडं पाहिलं, आणि इतक्या वर्षांचं कोडं त्यांना एका क्षणात सुटलं. शेजारणीला एकदम काहीतरी काम आठवलं आणि ती निघून गेली.

सासूबाईंनी टीव्ही बंद केला.

"ते दूध?" त्यांनी विचारलं.

"एकदाच, आई," ती म्हणाली. मग खोटं टिकेना. "दोनदा."

"म्हणजे मी रागवायचे तेव्हा तू ऐकत नव्हतीस. मापं घेत होतीस." त्यांनी बंद पडद्याकडं पाहिलं. "मला वाटायचं, या घरात एक माणूस तरी माझं ऐकतं."

त्या उठून खोलीत गेल्या. ओठवाली तिथंच उभी राहिली. तिला लाज वाटली, आणि ती अशी तशी नाही, कानाच्या पाळ्या गरम होईपर्यंत वाटली. रागावल्या असत्या तर परवडलं असतं. पण जेवताना सासूबाई तिला अहो-जाहो करायला लागल्या. "मीठ देता का जरा?" "तुमचं झालं असेल तर ताट उचलते." एकही धारदार शब्द नाही. सगळं गुळगुळीत, खिडकीवर साहेब तपासणीला आल्यावर बोलावं तसं. नवऱ्यानं एकदा दोघींकडं पाहिलं आणि दोन मजल्यांच्या मध्ये न अडकता भातात मान घातली.

सकाळी तो कामावर गेला. ओठवालीनं दूध तापत ठेवलं आणि शेगडीशी उभी राहिली. दुपारी रेकॉर्डिंग, वाक्याचा पत्ता नाही, आणि खरं सांगायचं तर वाक्यापेक्षा तिला ते 'मीठ देता का' जास्त बोचत होतं. खिडकीशी बसून सासूबाई मटार सोलत होत्या. फोन वाजायला लागला. डायरेक्टरचाच असणार. तेवढ्यात सासूबाई तिच्याकडं न बघताच म्हणाल्या, "आमच्या खिडकीवर एक मुलगी यायची." मग त्यांनी फोनकडं पाहिलं. "असू दे. तुम्हाला उशीर होतोय."

तिनं काही विचार केला नाही. तिनं गॅस बंद केला. फोन बंद करून तांदळाच्या डब्यात टाकला आणि झाकण लावलं. स्टूल ओढलं, सासूबाईंच्या गुडघ्याला गुडघा लागेल इतकं जवळ बसली आणि काहीतरी म्हणाली. काय म्हणाली ते तिचं तिलाही कळलं नाही, पण सासूबाईंनी मटाराची शेंग खाली ठेवली.

त्या सोडून देणाऱ्यांतल्या नव्हत्या. आधी परीक्षा घेतली. सुनेच्या ओठांवर डोळे रोखून त्यांनी एक असला झणझणीत शब्दप्रयोग फेकला, की तो मिळवायला एरवी तिनं घरातलं सगळं दूध उतू घालवलं असतं. तो इथं छापण्याजोगा नाही. ओठवालीनं ओठ घट्ट मिटून धरले. आतून जीव तुटत होता, पण ओठ हलू दिले नाहीत. सासूबाईंनी दुसरा फेकला. ओठ मिटलेलेच. तिसऱ्याला सासूबाईंनाच हसू फुटलं.

"अगं, मी एवढी का रागावते, माहितीये?" त्या म्हणाल्या. 'अगं' ऐकून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "गोड बोललं की कुणी थांबत नाही. रागावलं की माणूस उभं तरी राहतं."

मग त्या बोलायला लागल्या. खिडकीत उभा जन्म गेला, पण तिथं बोलायचं काय, तर गावांची नावं आणि 'चला पुढं'. मनात येईल ते सगळं काचेच्या अलीकडंच राहायचं. आणि मग ती मुलगी. शिकणारी असेल, दर आठवड्याला यायची, भोंग्यांच्या गोंगाटात गावाचं नाव ओठांनी सांगायची आणि तिकीट घेऊन जायची. एक दिवस आली, तिनं ओठ हलवले, पण ते गावाचं नाव नव्हतं. ओठवाली पुढं झुकली. सासूबाई म्हणाल्या, "ती म्हणाली, मला आज कुठंच जायचं नाही, मला जरा बोलायचंय. आणि मागं ही एवढी रांग, सगळे बोंबलताहेत..."

दारावर धपाधपा थापा पडल्या. नवरा होता, धापा टाकत आलेला. इमारतीतली लिफ्ट नेमकी बंद होती आणि लिफ्टवाला जिने चढून घामाघूम झाला होता. बायकोचा फोन लागत नाही म्हणून डायरेक्टरनं त्याला कामावर फोन केला होता. बापाला आवाज देणारे नट वेळेआधीच येऊन बसलेत, त्यांना संध्याकाळी दुसरीकडं जायचंय, आत्ताच्या आत्ता वाक्य घेऊन या, नाहीतर 'मी ऐकतोय' जातंय.

"जाऊ दे 'मी ऐकतोय'," ओठवाली स्टुलावरून न उठता म्हणाली. "आई, रांग बोंबलत होती. मग?"

सासूबाईंनी तिच्याकडं पाहिलं. मग त्यांनी विचारलं, "कुठलं वाक्य?"

तिनं सांगायचं टाळलं. तुमच्याकडून आता काही घेणार नाही, म्हणाली. सासूबाईंनी तिला वेड्यात काढलं आणि पुन्हा विचारलं. तेव्हा तिनं सगळं सांगितलं. किल्ल्या, दार, सबंध सिनेमा उभा असलेला बाप, आणि शेवटी तो बसतो ते.

"त्याचे ओठ कसे हलतात ते दाखव."

तिनं आवाज न काढता ओठ हलवले. आय ॲम ऑल इयर्स. सासूबाईंनी खिडकीतून बघावं तसं डोळे बारीक करून पाहिलं. पुन्हा दाखवायला लावलं. तोंड उघडतं, ओठ मिटतात, गोल होतात, मग फाकतात, आणि शेवटी जरा उघडेच राहतात. सासूबाई एकदम ताठ बसल्या.

"मघाशी स्टूल ओढून बसलीस तेव्हा मला काय म्हणालीस?"

तिला आठवेना. खरंच आठवेना.

"तुला नाही आठवणार. मला आठवतंय, मी ऐकत होते." आणि सासूबाईंनी सुनेचंच वाक्य तिच्यासमोर ओठांवर धरलं, सावकाश, एकेक करून. "हां, बोला. इथंच आहे."

'हां'ला तोंड उघडलं. 'बो'ला ओठ मिटले आणि गोल झाले. 'इथंच'ला फाकले. आणि 'आहे' त्या उघड्या राहिलेल्या ओठांत अलगद जाऊन बसलं. ओठवालीनं 'बोला'चं 'बोल' करून एकदा म्हणून पाहिलं, दोनदा म्हणून पाहिलं, आणि स्वयंपाकघरात अशी गिरकी घेतली की मटार जमिनीभर झाले. नवरा ते गोळा करायला वाकला. तो सरळ होईपर्यंत दोघी जिन्यात पोचल्या होत्या. सासूबाई घरच्या चपलांवर होत्या, आणि "मग त्या मुलीचं काय झालं?" याला त्यांचं एकच उत्तर, "ते नंतर. आधी हे."

स्टुडिओत पोचल्या तेव्हा बापाला आवाज देणारा नट आतल्या खोलीत माइकसमोर उभा होता. आतली खोली आणि बाहेरची खोली यांच्यामध्ये जाड काच. सासूबाई ती काच बघून क्षणभर थबकल्या, मग ओळखीच्या घरात शिरावं तशा काचेला लागून बसल्या. ओठवाली आत गेली आणि नटाला वाक्य सांगितलं. डायरेक्टरनं बाहेरच्या माइकवरून विचारलं, यात ऐकण्याचं तर काहीच नाही. ती म्हणाली, आधी बसवून तर बघा.

पहिल्या खेपेला नट फार भारदस्त बोलला. भाषणासारखं. दुसऱ्या खेपेला रडका. डायरेक्टरचा चेहरा पडायला लागला. तेव्हा काचेपलीकडून सासूबाईंनी ओठ हलवले, आणि आत फक्त तिनंच ते वाचलं. उभ्यानं कोण म्हणेल हे?

तिनं खुर्ची आणली. डबिंगमध्ये नट बसत नाहीत, बसलं की आवाज दबतो. नट कुरकुरला. तिनं ऐकलं नाही, त्याला बसवला, त्याच्या खिशातल्या किल्ल्या काढून बाजूला ठेवायला लावल्या. पडद्यावर बापानंही किल्ल्या ठेवल्या. रेकॉर्डिंगचा लाल दिवा लागला.

"हां, बोल. इथंच आहे."

ओठ, आवाज, चेहरा, सगळं एकच होऊन गेलं. डायरेक्टरनं नुसता आपला हात कपाळावर नेला आणि तिथंच ठेवला. मग बाहेर सगळे एकदम बोलायला लागले, कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी पुन्हा लाव म्हणाला. काचेच्या आत यातलं काहीच ऐकू येत नव्हतं. ओठवालीला गिरकी घ्यायची होती, पाय उचललेलाही होता. पण तिनं काचेकडं पाहिलं. त्या गलबल्यात सासूबाई एकट्या तिच्याकडं वळून बसल्या होत्या. त्यांचे ओठ हलायला लागले होते, अर्धी राहिलेली गोष्ट पुढं चालू झाली होती.

ती काचेपाशी गेली. आपले ओठ मिटले आणि बघत राहिली.

रांग बोंबलत होती, सासूबाई सांगत होत्या. साहेब ओरडत होते. मी पाटी उचलली आणि काचेला लावली. खिडकी बंद. आणि त्या मुलीला म्हटलं, बोल.